आण्याची मोड

महागाईचं तुम्ही मला सांगू नका. सत्तावन्न साली रुपयाचे शंभर नवे पैसे आले, तेव्हा पिंपरीच्या बाजारात मी एका दुकानदाराची बोलती बंद केली होती.

माझ्यासोबत होती शेजारीण सखू. नवरा कारखान्यात, पगार तुटपुंजा. तिनं एकेका पैशाचं मीठ, हळद, मोहरी आणि मिरची घेतली. चार जुने पैसे म्हणजे एक आणा, म्हणून तिनं आणा पुढे ठेवला.

दुकानदार म्हणाला, "एका जुन्या पैशाचे दोन नवे पैसे. चार पुड्यांचे आठ झाले. आण्याचे सहाच होतात. मीठ ठेव."

"न्हाई वो शेठ, काल आण्यात समदं येत व्हतं. घरात मिठाचा खडा न्हाई."

त्यानं भिंतीवरच्या सरकारी तक्त्याकडे बोट केलं. पुड्यांच्या कागदांवरून मी वाचायला शिकले होते. तक्ता वाचला. खरंच तसं लिहिलं होतं; सुट्या पैशाचे दीड होतात, ते दोन धरले होते.

मी म्हणाले, "शेठ, तक्ता बरोबर आहे. आता या आण्याची मोड द्या, जुन्या पैशांत."

त्यानं गल्ल्यातून चार जुने पैसे काढून दिले. मी एकेका पुडीवर एकेक ठेवला.

"पैशाची पुडी, हा घ्या पैसा. जुनी नाणी अजून चालतात ना?"

"चालतात," तो पुटपुटला.

सखूनं मिठाची पुडी लगेच पदरात बांधली. मागे रांगेत उभी असलेली एक म्हातारी पुढे सरकली आणि आपला आणा त्याच्यासमोर ठेवून म्हणाली,

"शेठ, मला बी आधी मोड द्या."