चौथी जागा

बाबांना जाऊन महिना झाला होता. त्यांच्या रेकॉर्डच्या कपाटाची किल्ली परत द्यायला मी रेडिओ केंद्राच्या बाकावर बसले होते. शेजारी नवी निवेदिका आणि म्हातारे तंत्रज्ञ चहा पीत होते.

“काका, जॅझच्या कार्यक्रमाच्या यादीत चौथी जागा मी याही वेळी रिकामी ठेवलीय.”

“साहेबांचीच पद्धत ती. आधी सॅक्सोफोन, मग सारंगी, मग वाळवंटातले ढोल. चौथं काय, ते या तिघांना ऐकून ठरवायचे.”

“आता तुम्ही छान निवडता. दर मंगळवारी येते तेव्हा रेकॉर्ड लावून ठेवलेली असते.”

“मी? मला वाटलं, तूच काढतेस.”

“कपाटाला कुलूप आहे, काका.”

“किल्ली एकच. ती साहेबांकडे होती.”

“चेष्टा करू नका.”

“या वयात भुतांची चेष्टा करत नसतात, पोरी. उद्या त्यांच्यातच बसायचंय. रेकॉर्ड हाताला कशी लागते?”

“कोमट. का?”

“लावण्याआधी ते ती पोटाशी धरायचे. गारठलेली रेकॉर्ड रुसते म्हणायचे.”

निवेदिकेने चहाचा कप बाकावर ठेवला.

“आज त्यांची मुलगी किल्ली परत द्यायला येणार आहे.”

“मग पुढच्या मंगळवारी?”

“कपाट आपण उघडू. चौथं तू निवड.”

“आणि ते?”

“त्यांना सुट्टी.”

चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने मला विचारलं, “आपलं काय काम होतं?”

मी मुठीतली किल्ली पर्समध्ये टाकली.

“काही नाही,” मी म्हणाले. “जरा टेकले होते.”