सरकारले कुठं लागली शेंग?

...आणि म्हणे हत्यार! शेवग्याची शेंग हत्यार कधीपासून झाली हो? तुम्हाला सांगते, देऊळघाटला आमच्या शेताशेजारी शालूबाईचं शेत, मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेवगा, शेवगा कुणाचा यावर मी टाकला दिवाणी दावा, मग झाडाखालीच झाली बाचाबाची, माझ्या हातातली शेंग बसली तिच्या दंडावर, ती रागारागात गेली पोलिसांत, जमादारानं लिहिलं ‘काठीसारखं टणक हत्यार’, अन् मी झाले आरोपी! इकडं माझ्या लेकीची, प्रतीक्षाची, सोयरीक जुळत आलेली. खामगावचे पाहुणे विचारतात, ‘विहीणबाई कोणत्या गुन्ह्यात?’ काय सांगू... शेंगेच्या?

त्यात दोन्ही केसेस एकाच साहेबांपुढे. सकाळी फौजदारी, दुपारी दिवाणी. साहेब तेच, बाई मी तीच! पण सकाळी ‘आरोपी, पिंजऱ्यात चला!’ अन् दुपारी ‘वादी, बसा ना.’ एकदा दुपारी साहेबांनी नुसतं नाव विचारलं, तर मी हात जोडून, ‘गुन्हा कबूल नाही!’ माझ्या वकिलांनी कपाळाला हात लावला, ‘काकू, हा दावा आपणच टाकलाय!’

तारखा करता करता शालूबाईचा राग निवला. एकाच ऑटोत यायचं, एकाच डब्यात जेवायचं, भांडणार तरी किती? उभी राहिली कोर्टात, ‘साहेब, मले काही तक्रार नाही. सोडा हिले.’

सरकारी वकील म्हणाले, ‘बाई, तुम्ही फक्त साक्षीदार. खटला सरकारचा. हत्याराचं कलम आहे, आपसात मिटत नाही.’

‘काऊन? सरकारले कुठं लागली शेंग?’

अन् दुपारी? साहेब स्वतःच म्हणतात, ‘बायांनो, मिटवा ना आपसात!’ मिटवलं असतं हो, पण शेवगा कुणाचा? ‘माहा!’ ‘तुहा कसा वं? माहा!’ जिथं आमचं मिटलं तिथं सरकार मिटू देईना, अन् जिथं मिटवा म्हणतात तिथं आमचं मिटेना. साहेब तेच, बाई मी तीच!

परवा मुद्देमालाचं पाकीट फोडलं. आत शेंग वाळून काडी झालेली, शिपायानं उचलली तशी मोडली! शालूबाई म्हणाली, ‘वळ बी नाही उठला, साहेब.’ साहेब म्हणाले, ‘शंकेचा फायदा. निर्दोष.’ मी आनंदानं वकिलांना विचारलं, ‘मग दुपारी शेवग्याचाही मिळेल का शंकेचा फायदा?’

‘दिवाणीत तसं नसतं, काकू. तिथं मोजणी असते.’

जाऊ द्या! प्रतीक्षाला फोन केला, ‘सांग पाहुण्यांना, सुटली तुही माय!’ कोर्टाच्या आवारात लिंबाखाली डबा सोडला. शालूबाईनं माझ्या सुटकेसाठी शेंगांची भाजी आणलेली. मस्त चोखत बसलो दोघी... तर वकील धावत आले, ‘काकू! शेंगा कोणत्या झाडाच्या?’

अहो, निकाल लागेपर्यंत त्या झाडाला दोघींनीही हात लावायचा नाही असा मनाई हुकूम... अन् तो मागितला कुणी? मीच!

मी शालूबाईकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं.

‘चोख चुपचाप,’ ती म्हणाली, ‘या वेळेले दोघीबी आरोपी.’

काय करता! दुसरी शेंग उचलली, अन् डाव्या हातानं परत प्रतीक्षाला फोन लावला... पाहुण्यांना एवढ्यात काही कळवू नको गं!