अर्धा सूर खाली

पोस्टात आधारच्या रांगेत चैतालीच्या पुढं, अगदी खिडकीशी, एक नवरा-बायको उभे होते. रांग तासाभरात हलली नव्हती. त्यांचं भांडण मात्र बरंच पुढं गेलं होतं.

"माझ्या भावाचा व्हिडिओ गेम तुम्ही भंगारात दिला?"

"अगं पूनम, बंद पडला होता की तो."

"दिपकबी बंद पडलाय, पाच वर्षं झाली. त्याचा फोटो कधी देताय भंगारात?"

"ऐक तरी! त्यातल्या चिपचे सगळे आवाज या सॉफ्टवेअरमधी हायेत. टुंईं, टकटक, खरखरसुद्धा. ही बघ, त्याच्या गेमची धून."

मोबाईल वाजला. रांगेतल्या तिघांनी डोकावून पाहिलं.

"ही त्याची न्हाय."

"तीच हाय! त्याचं मशीन अर्धा सूर खाली वाजायचं, बिघडलेलं होतं. मी सूर नीट करून घेतला."

"कुणी सांगितलं होतं नीट करायला? आमच्या घरात बारा वर्षं तसंच वाजत होतं ते!"

"बरं बाई, खाली घेतो. आता?"

"अजून खाली."

"आता?"

"अजून थोडं... हां. थांबा. आता हात लावू नका."

पूनम मोबाईलकडं बघत राहिली. धून दोनदा वाजून संपली. नवऱ्याचा चेहरा जरा खुलला.

"बघ, हुबेहूब तेच हाय का न्हाय?"

"हाय. चला आता भंगारवाल्याकडं."

"अगं, आपला नंबर आलाय!"

"येऊ दे."

चैताली दोन माणसांनी पुढं सरकली.