ग्रीनवुडांचा खण

ट्रेव्हर : अहो, पण ती घंटा कुठं गेली? दारामागं पितळी घंटा होती. सकाळी दहाला थ्रेलफॉलबाई ती बडवायच्या आणि सुट्टीला उतरलेली पोरं, आया, म्हातारे, सगळे रस्त्यावर! पाऊस का पडेना, जेवणाच्या वेळेपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही.

नॉर्मा : घंटा खोक्यात गेली. आणि थ्रेलफॉलबाई म्हणजे आमची आई. तुम्ही पलंगावर लोळत पडला असतात तर तिनं खोल्या कधी झाडायच्या?

ट्रेव्हर : तक्रार नाही हो! बसच्या शेडमध्ये ओलेचिंब बसून आम्ही कोळंबी सोलायचो. ती इवलीशी, मोरकॅम्बची. बोटांना असा वास लागायचा! घरी कीथलीला परत गेल्यावरही मी बोटं हुंगत झोपायचो.

ब्रेंडा : बसा ना, ट्रेव्हर. चहा टाकते, किटली अजून बांधली नाहीये. नॉर्मा, तूही टेक जरा. सकाळपासून ते एकच खोकं किती वेळा उघडशील?

नॉर्मा : उद्या किल्ल्या द्यायच्यात. बसून कसं चालेल? अहो, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो.

ट्रेव्हर : हे घ्या, विसरलोच होतो. हॅम आहे, आमच्या गल्लीतल्या खाटकाकडचा. आई नेहमी सांगायची, मोरकॅम्बच्या त्या घरी कधी गेलास तर रिकाम्या हातानं जाऊ नकोस. मार्चमध्ये गेली ती. म्हटलं, आता तरी जाऊन यावं. आणि येऊन बघतो तर दारावर घर विकल्याची पाटी.

ब्रेंडा : अरेरे. ग्रीनवुडबाई गेल्या?

ट्रेव्हर : सत्त्याण्णव पुरी करून. तर घ्या हा हॅम. फक्त आधी वजन करून ठेवायचं का? हा हा!

नॉर्मा : म्हणजे?

ट्रेव्हर : जुनी गंमत हो. आमच्या आळीत सगळेच म्हणायचे, आपण आणलेलं मांस थ्रेलफॉलबाईंच्या स्वयंपाकघरात शिजायला गेलं की आटतं!

ब्रेंडा : साखर किती घेता?

ट्रेव्हर : दोन चमचे. आठवतं का, आमच्या आळीतल्या त्या सटक्लिफबाईनं काय केलं ते? आपल्या बीफच्या तुकड्याला कच्चा असतानाच दोरा बांधून दिला. ताट समोर आलं तर दोरा लोंबतोय! बरं, शिजून आटलं म्हणावं, तर एका बाजूनं सुरीनं सरळ कापलेलं. उठली आणि तो दोरा सगळ्यांपुढं नाचवला. आमचे वडील ती नक्कल अशी करायचे, की पोट धरून हसायचो आम्ही.

नॉर्मा : मी होते तिथं. ताटं घेऊन उभी होते.

ट्रेव्हर : रागावलात का? अहो, घेतला असेल एखादा काप, त्याचं काय एवढं! खायला झकास घालायच्या. माझं बालपण म्हणजे काय विचाराल तर या घरातलं जेवण. एका ताटात तीन तऱ्हांचं मांस! बीफचा काप, शेजारी मटणाचा, वर अर्धं सॉसेज, आणि त्यावर दाट ग्रेव्ही. रोज! घरी आम्ही रविवारीसुद्धा नुसत्या वासावर भागवायचो. दोऱ्याच्या त्या वर्षी तर वडिलांचा हात गिरणीत यंत्रात सापडलेला, पगार बंद. पण गिरण्यांना सुट्टी लागली की अख्खं गाव इकडं यायचं. मागं राहिलं तर गल्लीभर बोभाटा. आईनं कुठून आणलं कुणास ठाऊक. इकडं आणायची जिन्नसांची पिशवी तीच भरायची, वडिलांना हात लावू द्यायची नाही. पण ताटात मांस कमी पडलं नाही. तिच्या अंत्यविधीला मी हेच बोललो. चर्चमधल्या बायका डोळे पुसत होत्या.

नॉर्मा : तीन तऱ्हांचं?

ट्रेव्हर : तीन!

नॉर्मा : एका ताटात?

ब्रेंडा : नॉर्मा, काय झालं गं?

नॉर्मा : ट्रेव्हर, तुमची खोली बघायची होती ना? वर जाऊन या. दुसरा मजला, मागची.

ट्रेव्हर : मला वाट सांगताय? डोळे मिटून जाईन!

(ट्रेव्हर जिना चढून जातो. वर फळ्या करकरत राहतात.)

नॉर्मा : ब्रेंडा, ग्रीनवुडांचा खण मी लावायचे.

ब्रेंडा : कसला खण?

नॉर्मा : फडताळातला. तू लहान होतीस, तुला नाही आठवणार. प्रत्येक बिऱ्हाडाला एक खण. आठवड्याचे जिन्नस ज्याचे त्यानं आणायचे, मी पिशव्या रिकाम्या करायच्या आणि आईनं ज्याचं त्याला शिजवून द्यायचं. ग्रीनवुडांच्या पिशवीत बटाटे होते. पाव, थोडी अंडी, जॅमची बाटली. आणि खाली वर्तमानपत्राचे बोळे.

ब्रेंडा : बोळे कशाला?

नॉर्मा : पिशवी फुगलेली दिसावी म्हणून! मी हसत हसत आईला दाखवायला गेले, तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. ते बोळे परत पिशवीत कोंबले आणि म्हणाली, कुणाकडं बोललीस तर बघ.

ब्रेंडा : मग मांस...

नॉर्मा : एकाचं बीफ, दुसऱ्याचं मटण, तिसऱ्याचं सॉसेज, थोडं थोडं कापून आईनं यांच्या ताटात वाढलं. तीन तऱ्हांचं मांस एका वेळी घेतं कोण? गिरणीचा मालकही घेत नसेल!

ब्रेंडा : अगं बाई!

नॉर्मा : शाळेत पोरी माझ्यामागं दोरा हलवत चालायच्या. मी आईला तोंडावर विचारलं, आम्हाला पाव नि ग्रेव्ही देऊन तू एकटी कोपऱ्यात खात होतीस ना? ती भांडी घासत राहिली. सोळाव्या वर्षी घर सोडलं मी, ब्रेंडा. ती आजारी पडली तेव्हा येऊन बसायचे, पण मनात तेच. लाज वाटायची मला तिची. सख्ख्या आईची!

ब्रेंडा : हळू बोल. वर ऐकू जाईल.

नॉर्मा : जाऊ दे. सांगणारच आहे मी त्याला.

ब्रेंडा : काय सांगणार? की तुझी आई रद्दी भरून आणायची? आत्ताच माती दिलीय त्यानं तिला.

नॉर्मा : आणि आपली आई चोर म्हणून गेली, त्याचं काय? हा परत जाणार आणि नातवंडांपुढं पुन्हा तो दोरा नाचवणार!

ब्रेंडा : त्याच्याकडं तेवढं एक जेवण आहे गं.

नॉर्मा : माझ्याकडं काय आहे? ती घंटा?

ब्रेंडा : हे बघ, सटक्लिफबाई ओरडत होती तेव्हा आई एका वाक्यात सुटली असती. बोट दाखवलं असतं की झालं. ग्रीनवुड तिथंच जेवत होते ना?

नॉर्मा : समोरच. पलीकडच्या टेबलाला.

ब्रेंडा : मग? तिनं नाही दाखवलं.

नॉर्मा : नाही दाखवलं. सरक, ती खोकं बांधायची दोरी दे इकडं. आला बघ तो.

ट्रेव्हर : काय हो, खोली केवढीशी आहे! मला ती दिवाणखान्याएवढी आठवत होती. पण खिडकीतून डोंगर तेच दिसतात. एक विचारू? आम्ही एवढी माणसं इथं कोंबलेली, मग तुम्ही दोघी झोपायचात कुठं?

नॉर्मा : मागं, कपडे धुवायच्या खोलीत. आमचे पलंग तुम्हाला दिलेले असायचे.

ट्रेव्हर : अरेच्चा! हे कधी डोक्यातच आलं नाही. आणि जेवायचात काय?

नॉर्मा : पाव आणि ग्रेव्ही.

ट्रेव्हर : नुसती?

ब्रेंडा : चांगली व्हायची हो ग्रेव्ही.

नॉर्मा : ट्रेव्हर, तुमचे वडील ती दोऱ्याची नक्कल करायचे, तेव्हा तुमची आई हसायची?

ट्रेव्हर : आई? छे. उठून मागं मोरीत निघून जायची. एकदा मी नक्कल केली तर फाडकन कानाखाली बसली. तिनं जन्मात मला तेवढंच एकदा मारलं. मला वाटलं, दमली असेल.

नॉर्मा : यापुढं करू नका ती नक्कल.

ट्रेव्हर : चुकलं माझं. तुमच्या घरात येऊन तुमच्या आईला...

नॉर्मा : तिनं आमच्यासाठी घेतलं नाही. स्वतःसाठीही नाही. घासभरसुद्धा नाही.

ट्रेव्हर : मग गेलं कुठं ते?

ब्रेंडा : नॉर्मा...

ट्रेव्हर : असं काय बघताय माझ्याकडं? थांबा. ते जिन्नस... पिशव्या कोण उघडायचं?

नॉर्मा : मी.

ट्रेव्हर : आमची?

नॉर्मा : तुमचीही.

ट्रेव्हर : काय असायचं त्यात?

ब्रेंडा : इतकं जुनं कुणाला आठवतंय, ट्रेव्हर! चहा घ्या, गार होतोय.

ट्रेव्हर : नॉर्मा, काय असायचं?

नॉर्मा : बटाटे. फार चांगले असायचे हो. एकेक निवडून आणलेला.

ट्रेव्हर : नुसते बटाटे.

ब्रेंडा : ट्रेव्हर? पाणी देऊ का?

ट्रेव्हर : सुरी बांधून टाकलीत का?

ब्रेंडा : नाही, इथंच आहे. का?

ट्रेव्हर : द्या इकडं. तो हॅम सोडा. बसा दोघी, आज मी वाढतो.

नॉर्मा : पातळ कापू नकोस रे, ट्रेव्हर.