फोन गेलाच नव्हता

विजयमाला : पाणी नको ताई. आधी एवढंच सांगा, त्या दिवशी दुपारी तुमच्याकडनं आमच्या सासऱ्यांना फोन गेला होता का न्हाय?

अंजली : बसा तरी. निमगाव केतकीची हॅचरी तुमचीच ना? विजयमालाताई?

विजयमाला : व्हय. गावरान अंड्यांची. अंडी उबवायच्या मशीनचं तापमान इंटरनेटवरनं तुमच्या सर्व्हरला येतं. जास्त झालं की तुमचा सर्व्हर आपोआप सासऱ्यांच्या फोनवर फोन लावतो. लावायचा.

अंजली : तुमची तक्रार आल्यावर मी सकाळीच सगळं उघडून बघितलं. फोन गेला नव्हता.

विजयमाला : न्हवता ना?

अंजली : नव्हता. अ‍ॅपवर सूचना गेली होती.

विजयमाला : कुठल्या अ‍ॅपवर?

अंजली : आमच्या नव्या. गेल्या महिन्यात सगळ्या ग्राहकांना नव्या सिस्टिमवर नेलं. त्यात फोनची सोय बंद झाली. आता मोबाइलवर सूचना येते, तापमानाचा आलेख दिसतो...

विजयमाला : माझ्या मोबाइलवर तसलं अ‍ॅपच न्हाय. आन सासऱ्यांचा तर बटणांचा फोन.

अंजली : मेल पाठवला होता ताई. अ‍ॅप उतरवून घ्या म्हणून.

विजयमाला : आला होता. त्यातलं अभिनंदन तेवढं कळलं. पुढं सगळं इंग्रजी. मला वाटलं, काहीतरी चांगलं दिलंय. तारे द्या म्हणून खाली आलं होतं, मी पाचही दाबले. तुमचा फोन कधी चुकत न्हाय, म्हणून दाबले.

अंजली : त्या दिवशी मशीनला नेमकं काय झालं?

विजयमाला : पंख्याचा पट्टा तुटला. मी इंदापूरला खाद्य आणायला गेलेले. घरधनी लोणी देवकरला कंपनीत कामाला. घरी सासरे एकटे. मशीनच्या खोलीबाहेर बाज टाकून बसलेले, फोन हातात धरून. पट्टा तुटला तसं आत तापत गेलं. दार जाड हाय, बाहेर काय कळत न्हाय.

अंजली : त्यांनी मधे एकदाही उघडून बघितलं नाही?

विजयमाला : उघडू नका असं मीच बजावलेलं. पिल्लं निघायच्या वक्ताला दार उघडलं की आतली ओल जाती, कवचाआतला पापुद्रा वाळतो, पिल्लू आतच अडकतं. फोन आला तरच उघडा, असं सांगून गेले होते. ते बसले वाट बघत. मी आले, दार उघडलं, तर वाफच तोंडावर आली. बऱ्याच अंड्यांना टोच पडलेली. चोची बाहेर आलेल्या. आन एवढ्या अंड्यांत कसला आवाज म्हणून न्हाय.

अंजली : एकही नाही वाचलं?

विजयमाला : दोन जरा हलत होती. ओंजळीत धरून बसले. गेली.

अंजली : सर, जरा इकडे येता का? ताई, हे अविराज सर. कंपनी यांचीच आहे. सर, या निमगावच्या. यांच्याकडेच ते मशीन तापलं होतं.

अविराज : नमस्कार ताई. वाचलं मी. फार वाईट झालं. काय बोलावं कळत नाही.

विजयमाला : फोन का बंद केला साहेब?

अविराज : मी बंद केला असंही नाही म्हणता येत. आम्ही ती फोनची सोय बंगळूरच्या एका कंपनीकडून घेत होतो. त्यांनीच बंद केली. म्हणाले, आता कोण फोन उचलतं? सगळे स्क्रीन बघतात.

विजयमाला : आमच्यात उचलत्यात.

अविराज : तुमच्यासारखे थोडे उरलेत हो. आमची मोठी गिऱ्हाइकं म्हणजे लोणी देवकरचे कारखाने. त्यांना आलेख पाहिजे, कॅमेरा पाहिजे, सगळं एका पडद्यावर पाहिजे. रोज नवीन काहीतरी. नाही दिलं तर ते पुण्याच्या कंपनीकडे जाणार. ते गेले तर हे ऑफिसच राहत नाही, मग तुमचं मशीन कोण बघणार?

अंजली : सर, ज्यांच्याकडे साधे फोन आहेत त्यांना आधी विचारू या, असं मी म्हटलं होतं.

अविराज : म्हटलं होतंत. बंगळूरवाल्यांना मी चारदा लिहिलं, अजून थोडे दिवस चालू ठेवा म्हणून. दर वेळी उत्तर एकच, आपल्या सूचनेबद्दल आभार. तिथे माणूस तरी आहे की नाही, देव जाणे. तारीख आली आणि झालं बंद.

अंजली : पण आपण यांना एक फोन करून सांगायला हवं होतं. साधा फोन. आपल्या तोंडाने.

अविराज : हवं होतं.

विजयमाला : मग आता सुरू करा. मला नवीन काय नको. जुनं होतं ते द्या.

अविराज : ते आता माझ्या हातात नाही ताई. मशीनमध्ये कॅमेरा बसवून देऊ का? आमच्या खर्चाने. मोबाइलवर आतलं सगळं दिसेल.

विजयमाला : काय दिसंल? मशीन रिकामं हाय. गावातल्या बाया उबवायला अंडी द्यायच्या, त्या आता पुढं येईनात. छबूबाई तेवढी म्हणाली, पुन्हा लाव, मी देते. पण मी त्यासाठी आलेच न्हाय.

अंजली : मग कशासाठी आलात ताई?

विजयमाला : सासऱ्यांसाठी. त्या दिवसापासनं धड जेवले न्हाईत. रिकाम्या मशीनफुडं बाज टाकून बसत्यात. मला म्हणाले, सूनबाई, फोन वाजला आसंल, मलाच ऐकू आला न्हाय. कान गेलं माझं. मी सांगितलं, फोन आलाच नव्हता. तर म्हणत्यात, तू माझ्यावर पांघरूण घालतीस. त्यांच्या पोरानं सांगितलं, ते बी पटत न्हाय. म्हटलं, ज्यांच्याकडनं फोन यायचा त्यांनीच येऊन सांगावं. चला कोणीतरी माझ्यासंगं. मी एसटीनं परत आणून सोडते.

अंजली : मी येते. आत्ता निघू.

अविराज : आज नाही जमणार अंजली. कारखान्याची माणसं दुपारी येतायत, सगळं तुम्हीच दाखवणार आहात. उद्या गाडी घेऊन जा. हवं तर आत्ता फोनवर बोला. फक्त, चूक झाली, असा शब्द नको. उद्या कोणी कोर्टात गेलं तर...

विजयमाला : कोर्टात कोण जातंय साहेब. त्यांनी भाकरी खाल्ली तर बास.

अंजली : नंबर आहे माझ्याकडे. लावते.

(अंजली स्पीकर लावून फोन करते. बराच वेळ रिंग जात राहते.)

सावळाराम : हालो?

अंजली : आबा, नमस्कार. बारामतीहून बोलतेय.

सावळाराम : आलो, आलो! उघडतो दार. किती झालंय?

विजयमाला : मामा, आवो मशीन बंद हाय. मी हाय हितं, विजयमाला.

सावळाराम : आगं, पर आत्ता मशीनवाली बाई बोलली. तिचाच आवाज हाय.

अंजली : व्हय आबा, माझाच. मशीन तापलं की फोनवर जे ऐकू यायचं, ते मीच बोलून भरून ठेवलेलं.

सावळाराम : आसं व्हय! म्या दर येळंला म्हणायचो, आलो बाई. तुला ऐकाय जायचं का?

अंजली : नाही आबा. नव्हतं येत ऐकू.

सावळाराम : आसू दे, आसू दे.

अंजली : आबा, आता नीट ऐका. त्या दिवशी तुम्हाला फोन आलाच नाही. तो फोन आमच्याकडून बंदच झाला होता. मी स्वतः बघितलंय. तुमचं काहीच चुकलं नाही.

सावळाराम : सूनबाईनं शिकवलं वाटतं तुला.

विजयमाला : न्हाय मामा, तुमची शपथ.

सावळाराम : लई जपती ती मला. उद्या तुमच्या मालकास्नी बी गाठंल.

अविराज : आबा, मी मालकच बोलतोय. अविराज. चूक आमची आहे. फोन बंद झाला आणि आम्ही तुम्हाला कळवलंसुद्धा नाही. सगळी चूक आमची.

सावळाराम : मालक, तुमी मोठ्या मनाचं हाय. पर वादळवाऱ्यात बी ह्या बाईचा फोन चुकला न्हाय कवा. आन नेमका त्याच दिशी कसा चुकंल?

अंजली : आबा, खरंच नव्हता आला. तुमच्या पाया पडते. नव्हता आला.

सावळाराम : आगं, रडतीस कशाला? तू केलाच आसशील पोरी. तुजं काय चुकलं न्हाय.