नसलेल्या तारांचं जाळं

नारीनला जाणाऱ्या बसच्या तिकीट खिडकीपाशी मायलेक माझ्या पुढेच उभे होते.

“खिंड बंद आहे म्हणे, तालाय. मग बाबांना कळवायचं कसं? आपण तुझ्या आजीला माती देऊन आलो, आणि ते वर हवामान केंद्रात वारा मोजत बसलेत.”

“केंद्राची फोन-इंटरनेटची लाइन तुटलीय, आपा,” मुलगा आईला म्हणाला. “माझ्याच हातून.”

“तू तर इथं खाली, घरी होतास.”

“घरूनच त्यांच्या संगणकात शिरलो होतो. लिनक्समध्ये नसलेल्या तारांचं जाळं उभारता येतं, ते करून बघत होतो. खरी तारही त्यात ओवली, आणि तिचा पत्ताच पुसला गेला. मी त्याच तारेवरून आत गेलो होतो.”

“मग आता?”

“बाबांनी तो संगणक नुसता बंद करून चालू केला तरी पुरे. तेवढ्यानं ते जाळं विरून जातं.”

“हात्तिच्या! मग करतीलच की. यंत्र अडलं की सगळे तेच करतात.”

“ते नाही करणार.”

“का रे?”

“काहीही झालं तरी त्याला हात लावू नका, असं मीच बजावलंय.”

“मग नाहीच लावणार. तुझा शब्द त्यांनी कधी मोडलाय?”