येतो म्हणून गेलो

आम्ही मराठी, पण पैदाइश इथलीच, उज्जैनची. वडील रेल्वेत होते. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि दोन्हींची अशी खिचडी की पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत. फौजेत गेलो तिथे माझा बडी होता बचनसिंग, कुमाऊंचा, तिकडे पहाडातला. बडी मतलब जोडीदार, ड्यूटी एकत्र, जेवण एकत्र, थंडीत कांबळंसुद्धा एकत्र.

पिच्चरमध्ये काय दाखवतात, दोस्ताला गोळी लागते, तो मांडीवर डोकं ठेवून निवांत बोलतो, मग मान टाकतो, आणि आमची ही डोळ्याला पदर लावते. मी म्हणतो अगं, आमची दोस्ती तर चहावर संपली.

काय सांगू तुम्हाला, माझी बदली आली, ट्रक उभा, बचन लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या जेवणघरात, आम्हा दोघांचा चहा घेऊन बसलेला. आता आपल्यात निघताना जातो म्हणत नाहीत ना, येतो म्हणायचं, तर मी दारातूनच त्याला हिंदीत म्हणालो, बचन, आता हूं, आणि ट्रकमध्ये बसलो. त्याला वाटलं हा सामान ठेवून परत येतोय. माझा चहाचा मगा थाळीने झाकून बसला, ट्रक गेला तरी बसला. हे मला कुठे माहीत? मी चिठ्ठ्या टाकल्या, जवाब नाही, मग मीही अकडलो, आणि सगळी नोकरी तशीच गेली.

मागच्या श्रावणात तो महाकालच्या दर्शनाला आला, जुन्या कोणाकडून माझा नंबर घेतला होता. टावर चौकात भेटलो. मी मिठी मारायला पुढे, तर हा गाल फुगवून उभा, म्हणाला, तूने बोला था आता हूं, आया क्यों नहीं? मी तर हैराण. मग समजावलं की बाबा, आमच्याकडे जाणारा असंच म्हणतो. त्याने कपाळावर हात मारला. मग म्हणाला, पागल, चाय ठंडी हो गई थी. आणि भर चौकात रडला, मीही रडलो, लाज कशाची.

स्टेशनवर गाडी हलली तेव्हा खिडकीतून माझा हात धरून म्हणाला, येतो. हो, मराठीत.

आता त्याचे गुडघे गेले, पहाड उतरवत नाही, भेट होईल असं मला वाटत नाही, त्यालाही नाही. सुखी राहो बापडा. पण संध्याकाळी चहा झाला की मी हिला म्हणतो, एक कप झाकून ठेव. ही विचारते, कोणासाठी? मी म्हणतो, अगं, येतो म्हणालाय ना.